पियानो नादुरुस्त असावा

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. (हल्ली वाकणं कागदावरच जमतं. तुझेही गुडघे कुरकुरत असतील, तेव्हा आशीर्वाद बसूनच दे.) मावशी, मी जिंकले. आईचा पियानो जागचा हलणार नाही.

मुळापासून सांगते. या लहान जागेत राहायला आले तेव्हा तो मी इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात ठेवला, हे तुला माहीत आहे. आई गेल्यापासून झाकणाला कुलूप आणि किल्ली तुझ्याकडे. मी रोज वरून फडकं मारते, एवढाच आमचा सहवास. आमच्या सोसायटीच्या चिटणिसांना त्या जागी टेबल टेनिसचं टेबल हवं होतं. (त्यांना आम्ही बहुधाराव म्हणतो. पाणी येणार का, बहुधा. लिफ्ट सुरू होणार का, बहुधा. साहेब घरात आहेत का, असं त्यांच्या बायकोला विचारलं, तर ते मागे उभे दिसत असतानाही ती 'असतील' म्हणते.) त्यांनी फळ्यावर सूचना लिहिली: 'पियानो नादुरुस्त असावा. तो भंगारात देण्यास कोणाची हरकत नसावी.'

ती वाचली आणि मला सुट्टीतलं तुझं घर आठवलं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला 'असावा' फक्त शिस्तीपुरता शिकवला होता. गणवेश स्वच्छ असावा, मुलगी नम्र असावी. म्हणून तू 'बाबा आले असावेत' म्हणालीस तेव्हा मला वाटलं, बाबांवर येण्याची सक्ती झाली आहे, आणि मी त्यांची कीव येऊन रडले. तू हसली नाहीस. हात धरून मला दारात नेलंस. चपला दिसल्या तर 'आले असावेत', म्हणालीस. काही न दिसता नुसतं मनात आलं तर 'आले असतील'. खोकला ऐकू आला की 'आलेत' म्हणायचं आणि चहा टाकायचा. आणि 'येणार'? ते ज्याने शब्द दिलाय त्याच्यापुरतं. दारातलं ते व्याकरण मला आयुष्यभर पुरलं.

तर सोसायटीच्या सभेत मी उठले आणि एवढंच विचारलं, "चपला कुठे दिसल्या?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. बहुधाराव म्हणाले, "चोरीचा विषय पुढच्या सभेत घेऊ."

मग मी नीट फोड करून सांगितलं. झाकणाला कुलूप आहे, आत कोणी पाहिलेलं नाही, मग 'असावा' कशावरून? फार तर 'असेल' लिहा. आणि नुसत्या 'असेल'वर कोणी कोणाच्या आईची वस्तू भंगारात देत नाही.

"बाई, कीस काढू नका," ते म्हणाले. "असावा काय नि असेल काय, शेवटी अंदाजच ना?"

यावर आमचे दाताचे डॉक्टर, जे सभेला झोपायला येतात, ते डोळे न उघडता म्हणाले, "तुमची दाढ किडकी असावी म्हणून तोंड न बघताच उपटली, तर चालेल का?"

बहुधारावांचा हात आपोआप गालावर गेला. (दाढ खरंच दुखत असावी, गाल सुजलेला दिसत होता. हा अगदी अस्सल 'असावी', मावशी.) सभा हसली, ठराव पडला, आणि बहुधारावांनी स्वतःच्या हाताने फळा पुसला. मी घरी येऊन आईच्या फोटोलाही निकाल सांगितला. तुम्ही दोघी एका बाकावर बसून वाजवायचात आणि मध्येच कोपराने एकमेकींना ढकलायचात, ते डोळ्यांपुढून हलेना.

तुझी,
कॉन्व्हेंटवाली भाची

ता. क. फळा पुसून झाल्यावर बहुधाराव पुटपुटले, "वाजवायला कोणी नाही, तर ठेवायचा कशाला?" मी विजयाच्या भरात म्हणाले, "रविवारी माझी मावशी येऊन वाजवणार." वाजवेल नाही म्हणाले, वाजवणार म्हणाले. तू शब्द दिलेला नाहीस हे मला कळतं. तो आता दे. गाडी मी पाठवते, किल्ली तेवढी आठवणीने आण.

ता. ता. क. रविवारी नको, शनिवारीच ये, आणि पियानो दुरुस्त करणारे ते तुझ्या ओळखीचे म्हातारे गृहस्थ अजून कामं घेत असतील तर त्यांनाही गाडीत घाल. आज फडकं मारताना पियानोखालून एक उंदीर सावकाश बाहेर आला. त्याच्या तोंडात, पियानोच्या पट्ट्यांखाली अंथरलेली असते तसल्या लाल बनातीचा तुकडा होता. म्हणजे चपला दिसल्या. बहुधारावांना यातलं काही ठाऊक नसावं. हा 'नसावं' तुझाही आहे आणि सिस्टरांचाही.