रिकाम्या खुर्चीचे दुसरे बक्षीस

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. सकाळपासून आभाळ भरलेले. पाणी भरले, जिना झाडला, बँकेत जाऊन आले. टेबलावरचे दोन पत्ते आज जागचे हलले नव्हते, म्हणून हे मृत्युपत्र आजच लिहिते.

मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा. हे सर्व स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचे वाचून कुणालाही शंका येईल.

१. माझ्या पतींची हत्यारांची पेटी त्यांच्या कारखान्यातल्या फोरमनना द्यावी. पाने मी दरवर्षी तेल लावून ठेवले आहेत. सर्वांत मोठा पाना फोरमनच उसना घेऊन गेले होते, तो त्यांनीच पेटीत परत ठेवावा.

२. बँकेतली ठेव, म्हणजे यांच्या नावे आलेले पोकरच्या स्पर्धेतले दुसरे बक्षीस, माझ्या धाकट्या दिरांना द्यावी. ती मी कधी मोडली नाही. का, ते लिहिणे भाग आहे.

त्या दुपारी शेवटच्या टेबलावर तिघे उरले होते: माझे पती, दीर आणि एक दाताचे डॉक्टर. तिसऱ्या बक्षिसापेक्षा दुसरे कितीतरी मोठे होते. त्यामुळे कुणालाच आधी बाहेर पडायचे नव्हते. मधल्या सुट्टीत माझे पती बाहेर व्हरांड्यातल्या सोफ्यावर जाऊन बसले. खेळ सुरू झाला तरी आले नाहीत. नियम असा की माणूस नसला तरी त्याच्या खुर्चीला पत्ते वाटायचे, त्याच्या वतीने ते टाकायचे, म्हणजे डाव सोडायचा, आणि फेरीच्या सक्तीच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, त्याच्या ढिगातून घ्यायच्या.

पुढचे मला तिथे पत्ते वाटणाऱ्या बाईंनी सांगितले. दीर बाहेर डोकावून आले.

डॉक्टर म्हणाले, "अहो, उठवा की भावाला!"

"झोपलाय. झोपू दे. रात्रपाळी करून आलाय."

"तुमचा दादा झोपेतही जिंकायचा हं!"

दीर हसले नाहीत. त्यांचे लक्ष खुर्चीपुढच्या ढिगाकडे होते. तो संपला की दुसरे बक्षीस त्यांचे. डॉक्टरांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या तेव्हा दिरांच्या हातात राण्यांची भारी जोडी होती. त्यांनी ती दाखवून टाकून दिली. "खुर्ची जाऊ दे आधी, मग खेळतो," म्हणाले. खुर्चीकडे बघता बघता त्यांचा स्वतःचा ढीग झिजला, आणि आधी तेच बाहेर पडले. रिकामी खुर्ची दुसरी आली. बक्षीस घ्यायला बोलवायला माणूस गेला, तेव्हा माझे पती थंड पडले होते.

दीर मला म्हणाले, "वहिनी, खरंच झोपल्यासारखा वाटला हो." हात लावला होता का, हे मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. ज्यासाठी ते थांबले ते त्यांना मिळावे. यापलीकडे माझा एक शब्द नाही.

३. पत्त्यांचा जोड पत्ते वाटणाऱ्या बाईंना देणार होते. "नको गं बाई, मला घरी झोप लागायला हवी," म्हणाल्या. तेव्हा जोड इथेच राहील. रोज संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर यांच्या खुर्चीपुढे दोन पत्ते पालथे ठेवते. स्वतःला कधी वाटून घेत नाही. सकाळी ते टेबलाच्या मधोमध सरकवलेले सापडतात, डाव सोडून दिल्यासारखे. खिडकी बंद करून पाहिली. दाराला कडी लावून पाहिली.

आज ते खुर्चीपुढेच होते. उलटून पाहिले तर राण्यांची जोडी. यांनी ती टाकली नव्हती.

४. राहते घर. ते दिरांना द्यायचे की नाही, हे आजवर ठरत नव्हते. मागच्या महिन्यात त्यांनीच विषय काढला, "वहिनी, माझ्या नावावर नका करू हे घर. मला त्या खुर्चीसमोर जेवता येणार नाही." आज ठरले. भावाने टाकलेली राण्यांची जोडी यांनी राखली, मग मी दिरांना टाकणारी कोण? घर दिरांचे. खुर्ची हलवू नये. आणि या घरात कुणी अवेळी झोपलेले दिसले, तर अंगाला हात लावून उठवावे. एवढी एकच अट.

माझ्यामागे रडारड नको. भांडी खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला द्यावीत, असे तोंडी सांगितले होते. पण तिचा नवरा साक्षीला बसला आहे, आणि साक्षीदाराच्या घरच्यांना मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून ती तिने मी असतानाच न्यावीत.

हे मृत्युपत्र दोघांना वाचून दाखवले आणि त्यांच्यासमोर सही केली.

साक्षीदार: पत्ते वाटणाऱ्या बाई (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
लिहून देणार: लिफ्टवाल्यांची पत्नी (सही)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: वरीलप्रमाणे

साक्षीदार गेल्यावर: कप विसळून पालथे घातले. टेबल पुसले. पत्ते पिसून दोन यांच्यापुढे ठेवले, आणि दोन माझ्यापुढे.