रिपोर्ट बिघडले आणि बढती मिळाली

ती. साडूभाऊ,

आम्हा दोघांचा तुम्हा दोघांना नमस्कार. (माझा वाकून. हिचा उभ्यानेच, कारण कंबर धरली आहे.) ताईंचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून बरं वाटलं. तुमच्या खोकल्याबद्दल मात्र तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत, पण दर दोन ओळींनी पेन उडालेलं दिसतं, त्यावरून काय ते समजलो.

तुम्ही विचारलंत, थोरल्याला करिअर कोचकडे पाठवावं का, आणि मी स्वतः जाऊन आलो आहे तेव्हा एका शब्दात सांगावं. एका शब्दात सांगता आलं असतं तर मी आजवर साहेब झालो असतो. तेव्हा खुर्ची ओढून बसा.

आमच्या रंगाच्या कंपनीत मी नेमकं काय करतो हे तुम्हाला लग्नापासून कळलेलं नाही. (अजूनही चारचौघांत 'आमचे साडू, पेंटर' अशी ओळख करून देता.) गिऱ्हाईक पडद्याची चिंधी, फुटकी फरशी, एकदा तर कुत्र्याचा पट्टा घेऊन येतं आणि म्हणतं, भिंत अगदी या रंगाची हवी. तो रंग जुळवून देणं हे माझं काम. मध्यंतरी वरून हुकूम आला, की रंगजुळणी आणि तपासणी ही दोन खाती एक होणार आणि त्यांना एकच प्रमुख असणार. मुलाखतीला दोघंच, मी आणि तपासणीतल्या धाकट्या बाई. (धाकट्या नुसत्या म्हणायला. थोरल्या बाई निवृत्त होऊन जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलं.) बाई हुशार, बोलायला चटपटीत. मी साहेबांसमोर उभा राहिलो की पायताणाकडे बघतो. प्रमुखपद हुकलं तर माझी रवानगी गोदामात, हे सगळे जाणून होते. हिने कुठेतरी जाहिरात वाचली आणि माझं नाव नोंदवून मोकळी झाली.

कोच म्हणजे पोरसवदा गृहस्थ, अंगात कोट. त्यांची खोली दातांच्या दवाखान्याच्या बरोब्बर वर. मी माझ्या आकांक्षा सांगायला तोंड उघडलं, की खालून ते यंत्र घुर्र करायचं आणि कोणीतरी कळवळायचं. त्यांनी माझी एक लांबलचक चाचणी घेतली आणि जाड कागदावर छापलेला रिपोर्ट हातात ठेवला. मग घरचा अभ्यास दिला: ओळखीच्या तिघांना विचारा, 'माझ्यात चांगलं काय आहे?'

हिला विचारलं, तर 'भाजी जळेल, नंतर सांगते' म्हणाली. साहेबांना विचारायची छाती झाली नाही. राहिल्या समोरच्या नर्सबाई. (निवृत्त आहेत, पण अजून माणसाच्या तोंडाआधी नखांचा रंग बघतात.) संध्याकाळी त्या झाडांना पाणी घालत होत्या. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. माझ्यात चांगलं काय होतं, मनापासून सांगाल?"

'होतं' कुठून आलं देव जाणे. घाबरलो की माझं व्याकरण आधी पळतं.

त्यांनी झारी खाली ठेवली. "रिपोर्ट आले का?"

मी म्हणालो, "कालच आले."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, फार आधी यायला हवं होतं. पण अगदीच वेळ गेलेली नाही."

"सिटिंग्ज चालू केल्या?"

"दोन झाल्या. तिथे असेपर्यंत उभारी वाटते. घरी आलो की सगळा जीव गळून जातो."

"तसंच होतं हो," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "घरात ठाऊक आहे?"

"हिनेच तर पाठवलं."

"धीराची आहे बाई!" एवढं बोलून त्या आत गेल्या आणि परातभर सफरचंदं घेऊन आल्या. मला वाटलं, हाच माझ्यातला चांगुलपणा. लोक मला फळं देतात. मी तसं वहीत टिपूनही घेतलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. नर्सबाईंची सून आमच्याच कंपनीत हिशेब खात्यात आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत उशी होती. न मागता चहा आला. ज्या माणसाने आजवर मला स्टेपलर दिला नाही, तो 'जिना चढू नका' म्हणून माझे डबे वर नेऊन ठेवू लागला. मी मनात म्हटलं, कोच पावला! त्यांनी शिकवलेलं ताठ चालणं दिसायला लागलं. (ते ताठ चालणं बघून लोक 'किती सोसतायत' म्हणत होते, हे मागाहून कळलं.)

मुलाखतीत मी साहेबांच्या डोळ्यांत थेट बघितलं. त्यांनीच मान खाली घातली. हातातल्या कागदावरून वाचू लागले, "येत्या पाच वर्षांत तुम्ही स्वतःला कुठे..." आणि शेजारच्या अधिकाऱ्याने टेबलाखालून त्यांना अशी लाथ मारली, की पेला हिंदकळला. साहेब लालबुंद झाले. "नको, हा प्रश्न राहू दे," म्हणाले. ज्या उत्तराची मी आरशासमोर उभं राहून तालीम केली होती, नेमका तोच प्रश्न गेला! दोन दिवसांत पद माझं झालं. धाकट्या बाईंनी अर्ज मागे घेतला होता.

मग टेबलावर सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड आलं. 'लढत राहा.' कोणाशी, ते विचारायला मी हिशेब खात्यात गेलो आणि सूनबाईंच्या रडण्यातून सारा उलगडा झाला. साडूभाऊ, पायाखालची जमीन सरकली. एका बाईने माझ्या नसलेल्या आजारापायी हक्काची जागा सोडली होती. तडक धाकट्या बाईंकडे गेलो. त्या खिडकीशी निळ्या रंगाचे दोन नमुने उजेडात धरून बघत होत्या. मी एका दमात सगळं ओकलो. त्यांनी नमुने खाली ठेवले आणि खुर्चीला धरून हसत सुटल्या.

"अहो, मला ते पद नकोच होतं," त्या म्हणाल्या. "मला कापडाच्या गिरणीत रंगाईचं काम मिळालंय. साहेबांना नाही कसं म्हणावं, ते सुचत नव्हतं. तुमच्या आजाराने माझी सोय केली."

"गिरणीचं कसं काय ठरवलंत?"

"एक कोच आहेत. दातांच्या दवाखान्यावर."

थोडक्यात, कोच गुणी आहे, पण त्याचा गुण मला आला नाही, बाईंना आला. थोरल्याला पाठवायचं तर पाठवा. फक्त त्याला शेजाऱ्यांपासून लांब ठेवा.

ताईंना नमस्कार.

तुमचा,
साडू (पेंटर नव्हे)

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बाईंकडून निघालो तो साहेबांना खरं सांगायला गेलो. 'साहेब, माझ्या तब्येतीबद्दल...' एवढं म्हणेपर्यंत त्यांनी उठून मला मिठी मारली. त्यांचे खांदे गदगदत होते. महिनाभराची सक्तीची रजा हातात देऊन त्यांनी मला बाहेर काढलं. आता महिनाभर इथे धडधाकट हिंडणं बरं दिसणार नाही. म्हणून येत्या रविवारी आम्ही तुमच्याकडे येतो आहोत. गच्चीवरची खोली झाडून ठेवा. कोणी विचारलं तर हवापालट म्हणा.

ता. क. दुसरा. हिने आत्ता पत्र वाचलं आणि निवांतपणे सांगितलं, की नर्सबाई तिला धीर द्यायला आल्या तेव्हाच तिला गोंधळ कळला, आणि साहेबांना तिने आठवड्यापूर्वीच फोन करून सगळं खरं कळवलं होतं. म्हणजे ते खांदे रडण्याने गदगदत नव्हते. बाईंनी नकार दिल्यावर पद तसंही माझ्याकडेच येणार होतं, आणि रजा का, तर साहेबांचं म्हणणं, 'एरवी हा माणूस घेतोय कधी?' मी चिडून विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "लोक पहिल्यांदाच तुमच्याशी इतकं मायेने बोलत होते. म्हटलं, चार दिवस ऐकू देत." मी पाकीट चिकटवायला डिंक शोधायला उठलो.