चवळीवरच्या मुंग्या

रविवार, ९ सप्टेंबर २००१. खोडाळा.

परसातल्या चवळीवर मावा पडला म्हणून गेल्या रविवारी औषध फवारलं. दुकानदाराने मोठ्या डब्यातलं सुट्टं ओतून दिलेलं, बाटलीवर चिठ्ठीसुद्धा नाही. मग शेंगा किती दिवसांनी खायच्या? शेजारच्या काशीमावशीला विचारलं.

“वेलावर मुंग्या परत आल्या का खा, मास्तर.”

खरं असेल? मुंग्यांना विष कळतं? आमची लेक सुमी येता-जाता कोवळ्या शेंगा कच्च्याच चावते, म्हणून आठवडाभर तिला दटावत होतो आणि रोज मुंग्या शोधत होतो.

आज संध्याकाळी दिसल्या! मोठ्याने हिला हाक मारली. हिने वाकून पान उलटलं. खाली पुन्हा मावा. मुंग्या त्याच्या गोड चिकट रसासाठीच आलेल्या.

“अहो, मग आता खायच्या, का परत औषध मारायचं?”