ट्रंकेतले सगळे कागद, दादाच्या दाखल्यासकट

मी, सुचेता दाजी शिवलकर, वय अडुसष्ट, अविवाहित, निवृत्त टंकलेखिका, राहणार हाटकेश, मीरा रोड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणला असता तरी मी ऐकणाऱ्यातली नव्हे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. बँकेतली शिल्लक आणि लोखंडी कपाट सरूबाईंना द्यावं. गुडघे गेल्यापासून माझं सगळं त्यांनीच केलं. नातेवाईक फोनवर चौकशी करत होते.

२. पलंगाखालच्या ट्रंकेत माझे वडील कै. दाजी शिवलकर यांचे कागद आहेत. आमच्या भागाला स्वतंत्र विद्यापीठ मिळावं म्हणून लढलेल्या कृती समितीचे ते चिटणीस. सभांची इतिवृत्तं, निवेदनं, तारा, सगळं त्यांनी जपलं. त्यातच माझा थोरला भाऊ हरिश्चंद्र याचा मृत्यूचा दाखला आहे. समितीच्या मोर्चात डोक्यात लाठी बसून तो गेला, एकोणिसाव्या वर्षी. त्या दिवशीच्या इतिवृत्तात बाबांनी लिहिलं, "मोर्चा शांततेत पार पडला." मंत्र्यांची भेट ठरली होती. बातमी फुटली तर बोलणी फिसकटतील असं अध्यक्ष म्हणाले, आणि बाबांनी मान डोलावली. गावात ताप मेंदूत गेल्याचं सांगितलं. मुलाचं नाव हरिश्चंद्र ठेवणाऱ्या माणसाने हे केलं. आई त्यांना शेवटपर्यंत जेवण वाढत राहिली, पण बोलली नाही. मीही त्यांना माफ केलेलं नाही.

३. विद्यापीठाच्या अभिलेख कक्षातल्या डॉ. रसिका गेल्या वर्षी हे कागद न्यायला आल्या. मुलगी गुणी आहे, चपला बाहेर काढून जमिनीवर बसली. तिने दोन गठ्ठे केले. न्यायच्या गठ्ठ्यात बाबा गेले, ठेवायच्या गठ्ठ्यात दादा. म्हणाली, "काकू, हा दाखला घरगुती आहे. तुमच्याकडेच राहू दे."

मी म्हटलं, "तो घरासाठी नाही मेला. तुमच्या विद्यापीठासाठी मेला."

वर विचारून कळवते म्हणाली. अजून कळवलेलं नाही.

४. ट्रंक विद्यापीठाला द्यावी, मात्र एकही कागद वगळता येणार नाही. स्थापनेच्या कागदपत्रांत दादाच्या दाखल्याची नोंद करून तशी लेखी पोच त्यांनी द्यावी. माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात हे झालं नाही, तर बाबांच्या इतिवृत्तांसकट सगळं मुर्ध्याच्या खाडीत सोडावं.

५. फ्लॅट धाकट्या भावाचा मुलगा नीरज याला. तो नवघरला भाड्याने राहतो. "आत्या, विद्यापीठातल्या हॉलला आजोबांचं नाव देतायत, कशाला जुनं उकरतेयस?" असं मला म्हणाला. मी कलम चार पुरं करण्याचं काम माझी मैत्रीण निशिगंधा हिच्यावर सोपवते. ते झाल्याचं तिने लेखी दिल्यावरच फ्लॅट त्याच्या नावावर व्हावा.

६. माझ्या दहाव्याला पिंड ठेवू नये. दादाच्या दहाव्याला बाबा समितीच्या सभेला गेले होते. नदीवर काकांनी पिंड ठेवला. ऊन चढलं तरी कावळा शिवेना. आईला सांभाळू, बहिणीचं लग्न लावून देऊ, काका सगळं कबूल करून थकले. शेवटी अकरा वर्षांची मी पुढे झाले. म्हटलं, "दादा, तुझं नाव विद्यापीठात लागेल. मी लावीन." कावळा लगेच शिवला.

दादा माझ्या शब्दावर गेला. माझ्यासाठी कोणी कावळ्याला शब्द देऊ नये.

सही: सुचेता दाजी शिवलकर

सुचेताताईंनी हे आम्हाला वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. रोशन पाटील, शेजारी
२. डॉ. संजना राऊत

मीरा रोड, दि. ९ नोव्हेंबर २०२५