माझ्या जन्मतारखेचा कीबोर्ड

४ मार्च, सोमवार
टॅबिथाने आज ऑफिसात जुना कीबोर्ड आणून जोडला. जाडजूड, पिवळट, आमच्या लेक्सिंग्टन शहरातल्याच कीबोर्डच्या कारखान्यातला. बटण दाबलं की आत स्प्रिंग वाकते आणि टक्क! आमचे साहेब मिस्टर क्रीच म्हणाले, वा, आता कुणीतरी काम करतंय असं वाटतं. भाडेकरूंचे अर्ज मीही दिवसभर टाइप करते. माझा कीबोर्ड मुका आहे, त्याला मी काय करू?
हेवा नाही. पण जिथे माझ्या आईने उमेदीची वर्षं काढली, तिथली वस्तू टॅबिथाच्या टेबलावर का, हा सामाजिक प्रश्न आहे.
संकल्प: तिच्या टेबलाकडे बघायचं नाही.

५ मार्च
बघितलं. ती कॉफीला गेल्यावर उलटा करून पाहिला. बनवल्याची तारीख पाठीवर चिकटवलेली असते. शौकीन लोक आपल्या जन्मतारखेचा कीबोर्ड वर्षानुवर्षं शोधतात.
९ ऑक्टोबर १९९८. माझा वाढदिवस!
म्हणजे मी जन्मले त्याच दिवशी आईने स्वतःच्या हातांनी जोडलेला. घरातली पहिली पदवीधर मी. असे धागे चटकन जुळतात.

७ मार्च
टॅबिथाकडे सहज विषय काढला. म्हणाली, आईने दिलाय गं, तो सोडून काहीही माग. तिच्या आईने कुठल्यातरी जुन्या बाजारातून उचलला असणार. भावना नावाची गोष्ट नाही.

८ मार्च, महिला दिन
मीटिंगमध्ये बोलले. वस्तू ज्या हातांनी घडवली त्या हातांच्या घरी असावी, असं म्हणाले. डोळे पाणावले, बहुतेक माझेच. मिस्टर क्रीच भावना लपवायला घड्याळाकडे बघत होते. शेवटी टॅबिथा म्हणाली, अगं बाई, रडू नकोस, ने तो. आईची बोलणी मी खाईन.
तत्त्वाचा विजय.

१० मार्च, रविवार
आईकडे जेवायला. बीन्स, कॉर्नब्रेड. मीटिंगची सगळी हकीकत सांगून कीबोर्ड तिच्यासमोर ठेवला. तिने डोळे मिटून चार बटणं दाबली, मग पाठीवरची तारीख वाचली आणि हसत सुटली. मला वाटलं आनंदाश्रू.
म्हणाली, बाळा, कॉलेजात काय शिकवलं गं तुला? तू जन्मलीस त्या दिवशी मी कारखान्यात कशी असेन? हॉस्पिटलात बोंबलत होते, तुझ्यापायी!
तिची शिफ्ट ओपलने केली होती. त्यांच्या लाइनवर रीतच होती: बाळंतिणीची शिफ्ट जी करेल, तिने त्या दिवशीचा एक कीबोर्ड विकत घेऊन ठेवायचा, पुढे जन्मभर तिला चिडवायला. ही ओपल म्हणजे टॅबिथाची आई.
मग आईने कपाटातून दुसरा काढला. ३ फेब्रुवारी १९९९. टॅबिथा जन्मली तेव्हा ओपलची शिफ्ट आईने केलेली. म्हणजे हा आईच्याच हातचा! घडवणारे हात, त्यांचं घर, सगळं जुळत होतं. मी हात पुढे केला.
आई म्हणाली, थांब. तो तुझा नाही. तुझी रडारड बघून जिने स्वतःचा दिला, त्या पोरीला हा दे. आणि तिचा तिला परत कर, माझ्यादेखत पिशवीत घाल.
नंतर ओपलला फोन लावून बसली, बीन्स गार होईपर्यंत. दोघी माझ्यावर हसत होत्या.

११ मार्च, सोमवार
दोन्ही दिले. टॅबिथाने मिठी मारली. मी मोठ्या मनाने म्हणाले की एखादा माझ्याकडे राहिला तरी माझी हरकत नाही. ती म्हणाली, छे गं, एक माझ्या आईच्या हातचा, तुझंच तत्त्व. आणि दुसरा तुझ्या आईने दिलेला, तिचं मन कसं मोडू?
तिच्या टेबलावर आता दोन. मिस्टर क्रीच दोनदा वा म्हणाले. येत्या रविवारी आईने तिला आणि ओपलला जेवायला बोलावलंय. मला येताना खुर्ची आणायला सांगितलंय.
दिवसभर अर्ज टाइप केले. शक्य तितक्या जोरात. कुणाला काही ऐकू गेलं नाही.