डाव्या डोळ्याची पापणी

कुडवा, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या शोभाबाईंनी त्या दिवशी सांगितलं, "बाई, तुमचे मिस्टर मले डोळा मारून राहिले." तेव्हापासून मी यांच्या डाव्या डोळ्यावर पाळत ठेवली. पापणी खरंच खाली यायची. पण भिंतीकडे पाहतानाही? मग वाटलं, पिऊन येतात. झोपेत तोंडाचा वास घेतला. काहीच नाही. "मले एका ट्रकचे दोन दिसून राहिले," म्हणाले, तेही नाटकच वाटलं. डोळ्यामागे ठणकायचं, कपाळ दाबत बसायचे. मी जागची हललेसुद्धा नाही.

आज डॉक्टरांनी एमआरआय पाहिला. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे, डोळा फिरवणाऱ्या नसेवर ती दाबते. पापणी त्यानेच पडते. गाठ साधी आहे, म्हणाले. ऑपरेशन नागपूरला.

येताना स्कूटर मी चालवली. वाटेत शोभाबाईंचं सगळं सांगून टाकलं. हे इतके हसले की गाडी डगमगली.

पण गाठ साधी असेल, तर मला बाहेर पाठवून डॉक्टर यांच्याशी एवढा वेळ काय बोलले? घरी आल्यावर विचारलं.

"काही नाही. बायको घाबरते का, म्हणे."

खोटं बोलले. मला कळलं. तरी मान हलवली आणि यांचं ताट वाढलं.