चारूचा धडा आणि परातीतली कणीक

चारू,

तू मुलींना शिकवतेस तो शरीराचा धडा बंद करायचा ठराव आज शाळेच्या मीटिंगमध्ये येणार आहे, म्हणून टांग्यानं पुढे निघालो. शेजारचे तुकोजी सकाळीच सांगून गेले, "नानाजी, लेकीला आवरा." मी म्हटलं, बघतो.

काल स्वयंपाकघरात तू त्या धड्याची तालीम करत होतीस, तेव्हा तुझ्या आईची कणीक परातीतच राहिली. दर महिन्याला जे होतं म्हणून तिला कोपऱ्यात बसवत, ते का होतं, हे पाच बाळंतपणांनंतर तिला काल कळलं. "एवढंच होय?" म्हणाली, आणि तुला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मी पेपराआड थक्क. जन्मभर गावाची टर उडवली, काल पेपर घडी करून मीही धडा ऐकला.

पोहे झाकलेत, शेव डब्यात आहे. आईला घरात शोधू नकोस. मीटिंगमध्ये तीच बोलणार आहे; मी चपला सांभाळीन.

नाना